मिश्र अध्यापन : प्रश्न प्रमाणाचा की कार्यविभागाचा ?

१

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनपद्धतीसंबंधी एक संकल्पना-टिपण प्रसृत करून त्यावर शिक्षकांचे व इतर संबंधितांचे अभिप्राय मागविले होते. ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रम वगळता इतर कोणत्याही अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची मुभा शिक्षणसंस्थांना असावी आणि उरलेला ६० टक्के भाग प्रत्यक्ष वर्गात शिकविला जावा, ही त्या टिपणातील सर्वांच्या लक्षात राहिलेली सूचना होय. त्या वेळी महासाथीमुळे महाविद्यालये बंद होती व सारेच अध्यापन पडद्यावरून चालले होते. त्यामुळे ४० टक्के हा आकडा अनेकांना संयमाचा वाटला. आता ती आपत्ती ओसरून काही वर्षे लोटली आहेत, वर्ग पुन्हा भरू लागले आहेत, आणि राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० याला अनुसरून होत असलेल्या अभ्यासक्रमांच्या चर्चेत मिश्र अध्यापनाचा उल्लेख वारंवार येत आहे. या विषयाचा विचार शांतपणे करण्यास ही वेळ योग्य आहे असे वाटते.

टिपणाचे सर्वांगीण परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्याच्या अनुषंगाने आपल्याकडे जी चर्चा झाली व होत आहे तिच्या मुळाशी असलेली दोनच गृहीतके येथे तपासावयाची आहेत. पहिले गृहीतक असे की, पडदा आणि वर्ग यांचे योग्य प्रमाण ठरविले म्हणजे मिश्रणाचा प्रश्न सुटतो. दुसरे असे की, विद्यार्थी भिन्न भिन्न प्रकारचे असतात व माध्यमांची विविधता वाढविली म्हणजे त्या सर्व प्रकारांपर्यंत शिक्षण आपोआप पोचते. ही दोन्ही गृहीतके सदोष आहेत, आणि त्या दोषांचा भार ज्या विद्यार्थ्यांच्या नावाने ही योजना मांडली जाते त्यांच्यावरच पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

प्रथम प्रमाणाचा विचार करू. मिश्र अध्यापन म्हणजे ऑनलाइन व प्रत्यक्ष अध्यापनाची नुसती सरमिसळ नव्हे, तर दोन्ही पद्धतींतील अर्थपूर्ण कृतींची विचारपूर्वक केलेली जुळणी होय, असे त्या टिपणातच म्हटले आहे. ही व्याख्या उत्तम आहे. परंतु व्याख्येच्या मागोमाग येणारा ४० व ६० हा हिशेब त्या व्याख्येतून निघत नाही. जुळणीचा प्रश्न ‘कोणते काम कोठे करावे’ असा असतो. टक्केवारीचा प्रश्न ‘किती काम कोठे करावे’ असा असतो. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याला अर्थच प्राप्त होत नाही. वैद्याने रोग न पाहता औषधाचे वजन सांगावे तसा हा प्रकार आहे.

असे का घडते, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. टक्के मोजता येतात, त्यांची नोंद ठेवता येते, तपासणीच्या वेळी ती दाखविता येते. एखाद्या तासाला वर्गात काय झाले हे मोजता येत नाही. प्रशासनाला जे मोजता येते तेच हळूहळू शिक्षणाचे प्रयोजन होऊन बसते, हा आपला जुना अनुभव आहे. पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या नियमाने विद्यार्थी वर्गात आणला, पण वर्गात आल्यावर त्याने काय करावे याची चिंता त्या नियमाने कधी केली नाही. चाळीस टक्क्यांच्या नियमाचे भवितव्य याहून वेगळे होईल असे मानण्यास आधार नाही.

तात्त्विक बाजूनेही येथे एक जुना वाद लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली असा पक्ष मांडला की, माध्यम हे केवळ वाहक असते; विद्यार्थी जे शिकतो ते माध्यमामुळे नव्हे, तर त्या माध्यमातून योजिलेल्या अध्यापनपद्धतीमुळे. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ साली याचा प्रतिवाद करून, प्रत्येक माध्यमाचे काही स्वभावविशेष असतात व पद्धतीशी त्यांचा मेळ बसल्यास अध्ययनाला त्यांचे साहाय्य होते असे प्रतिपादिले. या वादाचा अंतिम निर्णय येथे करण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, माध्यमाला गुण नुसत्या त्याच्या उपस्थितीने येतो असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. पद्धतीचा विचार टाळून माध्यमाची टक्केवारी ठरविणे हे दोन्ही पक्षांना सारखेच अमान्य व्हावे.

३

दुसरे गृहीतक विद्यार्थ्यांच्या प्रकारांचे. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून शिकतो, कोणी वाचून व लिहून, तर कोणी हाताने करून शिकतो. सबब चित्रफीत, ध्वनिमुद्रण, मजकूर व कृती अशी सर्व साधने एकत्र केली म्हणजे प्रत्येकाला आपापले सापडेल, असा युक्तिवाद शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून सर्रास ऐकावयास मिळतो. ही चतुर्विध विभागणी न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास प्रचलित केली. तशा प्रकारच्या अन्य प्रणालीही पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या विषयाचा आढावा घेतला तेव्हा त्यांना अशा ७१ प्रणाली आढळल्या. प्रणालींची ही गर्दीच त्यांच्या शास्त्रीयतेविषयी संशय उत्पन्न करते. पुढे २००८ साली हॅरल्ड पॅश्लर आदी चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासून असा निष्कर्ष काढला की, विद्यार्थ्याच्या कथित प्रकाराशी जुळणारी पद्धती वापरल्याने त्याचे अध्ययन सुधारते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. विद्यार्थ्यांना आवडीनिवडी असतात हे खरे. पण आवड म्हणजे शक्ती नव्हे.

किंचित विचार केला तर हे पटण्यास अडचण नाही. ओवीची लय ऐकल्यावाचून कळत नाही, मग विद्यार्थी ‘पाहणारा’ असो वा ‘ऐकणारा’. हस्तलिखितातील अक्षरवळण पाहिल्यावाचून कळत नाही, मग विद्यार्थी कोणत्याही प्रकारचा असो. माध्यम ठरते ते विषयाच्या स्वभावावरून, विद्यार्थ्याच्या राशीवरून नव्हे.

तथापि याचा अर्थ विद्यार्थी सारे सारखे असतात असा मात्र नाही. त्यांच्यातील भेद खरे आहेत व खोल आहेत. फक्त ते डोळ्यांत व कानांत नसून त्यांच्या परिस्थितीत आहेत. त्यांचा विचार पुढे करू. तत्पूर्वी, दूरवरून येणारे शिक्षण आणि जवळची बैठक यांच्या संयोगाचे दोन प्रयोग पाहणे उपयुक्त होईल. त्यांतील पहिला प्रयोग आपल्याच प्रदेशातला आहे.

४

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली होती. प्रत्येक गावी वीसेक लोकांचे मंडळ असे. आठवड्यातून दोनदा, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून अर्धा तास कार्यक्रम ऐकत, आणि रेडिओ बंद झाल्यावर त्याच विषयावर आपसात चर्चा करीत. चर्चेचा वृत्तान्त व उरलेल्या शंका मंडळाचा कार्यवाह पुणे केंद्राकडे पाठवी व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, आणि जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूरथ यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

या मूल्यमापनात तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती : जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी, आणि जेथे दोन्ही नव्हते अशी. मंडळांच्या गावी सभासदांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसत्या रेडिओच्या गावी तशी वाढ दिसली नाही. यावर असा आक्षेप घेता येईल की, मंडळ नसलेल्या गावातील लोक ते कार्यक्रम तितक्या नियमाने ऐकत नसावेत. मग फरक चर्चेचा की ऐकण्याचा? आक्षेप रास्त आहे. पण त्यातूनही आपला मुद्दा दुर्बल न होता बळावतोच. नियमाने ऐकणे हेदेखील मंडळामुळेच घडले. शेजारी येऊन बसणार आहे, आपल्याला विचारणार आहे, आणि आपण विचारलेला प्रश्न पुण्यापर्यंत जाऊन त्याचे उत्तर येणार आहे, या जाणिवेनेच ऐकण्याला शिस्त आली.

या प्रयोगातील कार्यविभाग पाहण्यासारखा आहे. तज्ज्ञाचे म्हणणे रेडिओने आणले. ते प्रत्येक गावी माणूस पाठवून आणणे शक्यच नव्हते. परंतु त्या म्हणण्याचा आपल्या जमिनीशी, आपल्या विहिरीशी, आपल्या ऐपतीशी संबंध जोडण्याचे काम बैठकीने केले. ते रेडिओला शक्य नव्हते. आणि शंकांच्या परतीच्या वाटेने या दोहोंना एकत्र बांधले. किती टक्के रेडिओ व किती टक्के बैठक असा प्रश्न तेथे कोणाला पडला नाही. योगायोगाने वेळ निम्मानिम्मा होता इतकेच.

५

हाच धडा त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, अगदी निराळ्या देशात व निराळ्या विषयात पुन्हा मिळाला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठात लागोपाठ दोन प्रयोग झाले. २०१२ च्या शरदऋतूत विद्युत्‌मंडलांच्या अभ्यासक्रमाच्या एका वर्गासाठी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेची मुद्रित व्याख्याने घेण्यात आली. विद्यार्थी ती घरी पाहून येत, आणि तासाला लहान लहान गटांत अध्यापकांसमोर उदाहरणे सोडवीत. पूर्वी ज्या अभ्यासक्रमात शंभरात साठांहून कमी विद्यार्थी उत्तीर्ण होत, त्यात या वर्गातील नव्वदांहून अधिक झाले. वर्ग एकच होता, संख्या लहान होती. एवढ्यावरून सिद्धान्त बांधणे धाडसाचे ठरेल. पण दिशा स्पष्ट होती.

त्यानंतर २०१३ च्या जानेवारीत त्याच विद्यापीठाने एका खाजगी कंपनीच्या सहकार्याने गणिताचे दोन व संख्याशास्त्राचा एक असे तीन अभ्यासक्रम संपूर्णतया ऑनलाइन सुरू केले. गणितात पूर्वी नापास झालेले विद्यार्थी व काही शाळकरी मुले यांनाही त्यांत प्रवेश होता. म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोचणे कठीण अशा विद्यार्थ्यांपर्यंत पोचण्याचाच तो प्रयत्न होता. फळ विपरीत आले. उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच खाली गेले, आणि त्याच वर्षी जुलैत प्रयोग स्थगित झाला. काही मुलांजवळ संगणकाची धड सोयच नव्हती, हे अभ्यासक्रम सुरू झाल्यावर लक्षात आले. त्याच उन्हाळ्यातील पुढच्या तुकडीचे निकाल पुष्कळ सुधारले, परंतु त्या तुकडीतील बरेच जण आधीच पदवीधर होते. जे शिकण्याची कला अगोदरच शिकलेले होते, त्यांना पडदा पुरला; ज्यांना तीच कला शिकावयाची होती, त्यांना तो पुरला नाही.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे दिसते ते असे : पहिल्यात यंत्राने व्याख्यान घेतले व अध्यापकाला विद्यार्थ्याच्या अधिक जवळ आणले; दुसऱ्यात यंत्राने व्याख्यान घेतले व अध्यापकाला दूर नेले. म्हणजे यंत्राने दोन्हीकडे एकच काम केले. भेद पडला तो मोकळ्या झालेल्या वेळाचे काय केले यावर. अमेरिकेच्या शिक्षणखात्याने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका संकलित परीक्षणातही मिश्र पद्धतीचे निकाल केवळ प्रत्यक्ष अध्यापनाहून सरस आढळले. पण मिश्र वर्गांना बहुधा अधिक वेळ व अधिक साहित्य मिळालेले होते, तेव्हा श्रेय माध्यमाला देऊ नये, अशी सूचना त्या परीक्षणाने स्वतःच केली आहे. आपल्याकडील चर्चेत यातील पूर्वार्ध ऐकू येतो, उत्तरार्ध नाही.

६

आता आपल्या विद्यार्थ्यांतील खऱ्या भेदांकडे वळू. पहिला भेद साधनाचा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती, नागरी कुटुंबांत ती ४२ टक्के होती. संगणक तर ग्रामीण भागात ४.४ टक्के कुटुंबांतच होता. त्यानंतर परिस्थिती बरीच पालटली. स्मार्टफोन आता खेड्यांतील बहुतेक घरांत पोचला आहे. परंतु घरात फोन असणे आणि विद्यार्थ्याच्या हाती असणे यांत अंतर आहे. ‘असर’ पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींविषयी असे आढळले की, ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांपैकी ४३.७ टक्के मुलांजवळ स्वतःचा फोन होता, मुलींजवळ तो १९.८ टक्केच होता. याच मुली दोनचार वर्षांत आपल्या वर्गांत येतात. ‘घरी पाहून या’ असे आपण सांगतो तेव्हा ते वाक्य प्रत्येकाच्या बाबतीत एकच अर्थ देत नाही.

दुसरा भेद वेळेचा. ‘कमवा व शिका’ ही आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांपासून चालत आलेली गौरवाची परंपरा आहे. पण योजनेबाहेरही कमावत शिकणारे विद्यार्थी असंख्य आहेत. दुकानात, गोदामात, शेतात राबणाऱ्या या विद्यार्थ्याला दुपारचा तास चुकतो. त्याच्या दृष्टीने रात्री उघडता येणारे, थांबविता येणारे, पुन्हा ऐकता येणारे व्याख्यान हे वरदान आहे, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अशाच विद्यार्थ्यासाठी मार्ग काढला. पण तेथेही छापील पाठ्यपुस्तकाच्या जोडीला अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रे ठेवावी लागली, हे विसरता कामा नये.

तिसरा भेद भाषेचा. तयार मिळणाऱ्या ऑनलाइन साहित्याचा मोठा भाग इंग्रजीत, नंतर हिंदीत. मराठीत अगदी थोडा. त्यामुळे पडद्याचा वाटा जितका वाढवावा तितका मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी दुय्यम होत जातो. वर्गात अध्यापक इंग्रजी ग्रंथ मराठीत समजावून देतो, शब्दागणिक थांबतो, चेहरे पाहून पुन्हा सांगतो. हे भाषांतराचे काम कोणत्याही तासपत्रकात नोंदलेले नसते, म्हणून ते नाहीसे झालेलेही कोणाच्या लक्षात येत नाही.

चौथा भेद धैर्याचा, आणि येथे वर्गाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी थोडे आत्मपरीक्षण केले पाहिजे. २०२० व २०२१ मध्ये प्रस्तुत लेखक पडद्यावरून शिकवीत असता समोर नुसती नावे दिसत व प्रश्न विचारला की शांतता पसरे. परंतु रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर प्रश्न येऊ लागत, आणि ते विचारणाऱ्यांत अशा मुली असत की, ज्यांनी त्यापूर्वी भरलेल्या वर्गात वर्षभर तोंड उघडले नव्हते. त्यांतील एकीने लिहिले होते, ‘सर, वर्गात विचारले असते तर माझी बोली ऐकून सगळे हसले असते.’ त्या वाक्याने वर्गाविषयीच्या पुष्कळ कल्पना ढासळल्या. तोपर्यंत लेखकाची अशी समजूत होती की, वर्गात प्रश्न येत नाहीत याचा अर्थ मुलांना प्रश्न पडत नाहीत. लिहून विचारण्याची वाट उघडली तेव्हा कळले की, प्रश्न होते. वर्ग त्यांना जागा देत नव्हता. आपले बहुतेक तास हे, पडदा येण्यापूर्वीच, एकतर्फी प्रक्षेपण होते. टिपणे सांगणारा अध्यापक व ती उतरवून घेणारा विद्यार्थी यांच्यामध्ये यंत्र आले तर फारसे काही नष्ट होत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

७

यावरून कार्यविभागाचे एक साधे तत्त्व निघते. जे एकट्याने, आपल्या गतीने, पुन्हा पुन्हा करण्याने चांगले होते ते पडद्याकडे द्यावे; जे दुसऱ्याच्या उपस्थितीवाचून होतच नाही ते वर्गासाठी राखावे; आणि या दोहोंमध्ये लेखी प्रश्नांची वाट सदैव चालू ठेवावी. आपल्या विभागापुरते याचे एक उदाहरण घेऊ. पदव्युत्तर वर्गाला लीळाचरित्र शिकवावयाचे आहे. महानुभाव पंथाचा इतिहास, चक्रधरांचा जीवनक्रम, यादवकालीन महाराष्ट्राची स्थिती, सांकेतिक लिपीतील पोथ्या व त्या लिपीचा वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेला उलगडा, जुन्या मराठीच्या विभक्तींचे व क्रियापदांचे तक्ते, ही सर्व सामग्री मराठीतून केलेल्या लहान लहान ध्वनिमुद्रणांच्या व टिपणांच्या रूपाने आधी देता येईल. ती प्रत्येकाने आपल्या सवडीने ऐकावी. एकदा ऐकून न कळल्यास तीनदा ऐकावी. त्यासाठी वर्गाचा एकही तास खर्ची पडण्याचे कारण नाही. आज मात्र बहुधा तेथेच सारे तास खर्च होतात, आणि प्रत्यक्ष लीळा वाचावयास वेळ उरत नाही.

मग वर्गात काय करावे ? एक लीळा घ्यावी आणि सर्वांनी मिळून वाचावी. एक शब्द अडला म्हणजे थांबावे. वऱ्हाडातून आलेल्या विद्यार्थ्याच्या कानाला एखादे रूप ओळखीचे वाटेल, पुण्याच्या विद्यार्थ्याला ते सर्वस्वी परके वाटेल. रिद्धपूर हे कोणाला पुस्तकातले नाव असेल, तर कोणाला आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाव. जिची बोली ऐकून वर्ग हसला असता, तिचीच बोली येथे अर्थनिर्णयाचा पुरावा ठरण्याचा संभव आहे. दोन संपादकांनी स्वीकारलेले दोन पाठ फळ्यावर लिहावेत व कोणता का ग्राह्य मानावा याचा वाद होऊ द्यावा. या वादात अध्यापकाचे काम उत्तर सांगण्याचे नसून, उतावळ्याला थांबविण्याचे व गप्प बसलेल्याला बोलते करण्याचे आहे. विद्यार्थिभेद ही येथे अडचण राहत नाही. तीच वर्गाची सामग्री होते.

हा ग्रंथ या पद्धतीला विशेष अनुरूप आहे, कारण तो स्वतःच अशा रीतीने तयार झाला आहे. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांना गाठून, विचारून, आठवणी मिळवून व त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन लीळा सिद्ध केल्या. ज्ञान पोचविण्याआधी ते जमवावे लागते, आणि जमविताना माणसाला माणसासमोर बसावे लागते, हे या ग्रंथाच्या जन्मकथेतच दिसते.

८

या विवेचनावर एक आक्षेप असा येईल की, हे सर्व श्रमाचे व खर्चाचे आहे. आक्षेप मान्य आहे. किंबहुना तोच या लेखाचा मुख्य इशारा आहे. ध्वनिमुद्रणे करणे, लेखी प्रश्न वाचणे, त्यांवरून तासाची आखणी करणे, लहान गटांत चर्चा घेणे, हे काम नुसत्या व्याख्यानापेक्षा अधिक आहे. आज आपल्या महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांवर आहे. त्यांचे मानधन घेतलेल्या तासांच्या संख्येवर ठरते. रात्री वाचलेले प्रश्न तासांत मोजले जात नाहीत. अशा व्यवस्थेत चाळीस टक्के भाग पडद्याकडे गेला म्हणजे काय होईल, याचे उत्तर अवघड नाही. एकदा मुद्रित केलेले व्याख्यान वर्षानुवर्षे चालेल, तितके तास कमी होतील, आणि जो वेळ मोकळा झाला तो विद्यार्थ्याकडे न जाता अंदाजपत्रकाकडे जाईल. सॅन होजेच्या पहिल्या प्रयोगाचे नाव घेऊन आपण दुसरा प्रयोग करीत राहू. ज्या विद्यार्थ्याजवळ स्वतःचा फोन आहे, स्वतःची खोली आहे, इंग्रजी आहे व विचारण्याचे धैर्य आहे, त्याचे यात फारसे बिघडणार नाही. ज्याच्याजवळ यांतील एकही नाही त्याला मात्र, त्याच्यासाठीच म्हणून केलेल्या या योजनेत, पूर्वी मिळत होता तेवढाही अध्यापक मिळणार नाही.

म्हणून मिश्र अध्यापनाचा कोणताही प्रस्ताव विभागासमोर येईल तेव्हा टक्केवारी विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पडद्याने जे काम घेतले ते नेमके कोणते, व ते मराठीतून झाले आहे काय ? त्यामुळे मोकळा झालेला वेळ अध्यापक व विद्यार्थी यांच्या समोरासमोरच्या कामासाठी राखून ठेवला आहे काय, व त्या कामाचा मोबदला अध्यापकाला मिळणार आहे काय ? आणि ज्याला घरी पाहता येत नाही त्याच्यासाठी विभागाच्या ग्रंथालयात यंत्र, जागा व सायंकाळची वेळ यांची सोय आहे काय ? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर प्रमाण तीस टक्के असो वा पन्नास, त्याने बिघडत नाही. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर दहा टक्केसुद्धा अधिक होतील.

१९५६ साली खेड्यातील मंडळांनी पुण्याला पाठविलेल्या शंकांना उत्तरे मिळत होती. प्रक्षेपणाची साधने तेव्हा आजच्या मानाने अगदी अपुरी होती. परंतु शंका परत जाण्याची वाट त्या प्रयोगाच्या योजनेतच आखलेली होती. आपल्या योजनांत ती वाट कोठे आहे, हे आपण प्रथम पाहिले पाहिजे.